पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं लागली, आणि त्याच दोन वर्षांत किर्लोस्करांना गिऱ्हाईक कळलं

भाईंदर पूर्वेला स्टेशनपासून थोडं चालत गेलं की जेसल पार्क लागतं. इमारतींच्या पलीकडे वसईची खाडी, काठावर चौपाटी, संध्याकाळी फिरायला आलेली माणसं. समजा, इथल्याच एखाद्या वन बीएचकेमध्ये एक जोडपं ऑनलाइन कुर्ते विकतंय. फोटो झकास आहेत, लाइक्सही येतात. पण पलंगाखाली न खपलेली चाळीस पाकिटं पडून आहेत आणि दारात रोज एखादं पार्सल परत येतंय. रात्री जेवताना विषय ठरलेला असतो. लोकांना क्वालिटी कळत नाही, सगळ्यांना स्वस्तातलंच हवं असतं.

अशी कोंडी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बेळगावातल्या एका माणसाचीही झाली होती. त्याच्याकडे कुर्ते नव्हते, लोखंडी नांगर होते. ते नांगर कुणी घेत नव्हतं. या माणसाचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर. आज शेतातल्या पंपावर दिसणारं किर्लोस्कर हे नाव त्यांचंच.

त्यांच्याकडे ना इंटरनेट होतं, ना कुरिअर. पण छोटा धंदा करताना ज्या चुका आजही भल्याभल्यांकडून होतात, त्या जवळपास सगळ्या त्यांच्या वाटेवर उभ्या होत्या. कुठे ते अडखळले, कुठे सावरले, हे बघण्यासारखं आहे.

चित्रकार व्हायचं होतं, पण रंगच नीट दिसेनात

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. घराण्यात शिक्षणाला मान होता, चार बुकं शिकून चांगली नोकरी धरायची ही रीत होती. लक्ष्मणरावांचं मन मात्र शाळेपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत जास्त रमायचं.

१८८५ च्या सुमाराला ते मुंबईला आले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे काही काळाने लक्षात आलं की त्यांना काही रंगांतला फरक नीट ओळखता येत नाही. म्हणजे ते अंशतः रंगांध होते. चित्रकार व्हायला निघालेल्या पोरासाठी याहून वाईट बातमी नव्हती.

पण रेषेला रंग लागत नाही. हात चांगला होता, प्रमाण अचूक होतं. त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाकडे मोर्चा वळवला, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिक्षक म्हणून लागले. यंत्राचं चित्र काढता काढता यंत्राच्या पोटात काय चालतं हे त्यांना पाठ होत गेलं.

जे जमत नाही ते ओळखून वेळीच बाजूला ठेवणं, ही धंद्यातली पहिली परीक्षा ते धंदा सुरू करण्याआधीच देऊन बसले होते.

खरेदी मुंबईत, विक्री बेळगावात

नोकरी चालू असतानाच मुंबईत त्यांनी एका पारशी गृहस्थाला सायकलवरून जाताना पाहिलं, आणि तिथून डोक्यात चक्र सुरू झालं, असं सांगतात. सायकल तेव्हा नवलाची वस्तू होती. बेळगावसारख्या गावात तर ती बघायलाही गर्दी जमायची.

मग लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि तिथे भाऊ रामुअण्णांनी त्या विकायच्या, अशी जोडी जमली. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स. कंपनी आपलं स्थापना वर्ष १८८८ मानते. ज्या भागात हे दुकान होतं, तिथला रस्ता आजही किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.

या दुकानातली एक गोष्ट आजच्या विक्रेत्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे. किर्लोस्कर बंधू सायकल विकून मोकळे होत नसत. ती दुरुस्त करून देत आणि चालवायलाही शिकवत. शिकवण्याची फी १५ रुपये होती असं सांगितलं जातं. त्या काळात ही रक्कम काही लहान नव्हती. ज्याला सायकल चालवता येत नाही, तो ती विकत घेणार नाही, हे साधं गणित त्यांना कळलं होतं.

तिकडे नोकरीत मात्र एक घाव बसला. बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो इंडियन माणसाला देण्यात आली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. आता मागे पगार नव्हता. जे काही करायचं ते दुकानाच्या जोरावरच करायचं होतं.

पण सायकलच्या धंद्याला एक मर्यादा होती. माल दुसऱ्याचा होता. तो परदेशात बनायचा, भाव तिकडे ठरायचा, आणि उद्या शेजारच्या गाळ्यात कुणीही तीच सायकल आणून विकू शकत होतं. घाऊक बाजारातून माल आणून ऑनलाइन विकणाऱ्यांना आज नेमकी हीच अडचण येते. तोच कुर्ता आणखी पन्नास जणांच्या पेजवर दिसतो, आणि मग भाव पाडण्याची शर्यत सुरू होते. लक्ष्मणरावांना स्वतः बनवलेली वस्तू हवी होती.

दोन वर्षं पडून राहिलेला नांगर

आजूबाजूला सगळा शेतकरी समाज. त्यामुळे पहिली वस्तू ठरली जनावरांसाठी कडबा कापण्याचं यंत्र, म्हणजे कडबाकुट्टी. त्यानंतर त्यांनी हात घातला लोखंडी नांगराला.

कल्पना एकदम रास्त होती. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती पालथी करतो, आणि हरळी-कुंद्यासारख्या खोल मुळांच्या तणाला उपटून काढतो. इंग्लंडहून असे नांगर येत होते, पण ते महाग होते. तोच नांगर इथे बनवला तर शेतकरी घेईलच, असा हिशेब होता. १९०३ च्या सुमाराला किर्लोस्करांचा पहिला लोखंडी नांगर तयार झाला.

आणि तो कुणी घेईना.

एक कारण होतं समजुतीचं. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, पीक नासतं, असं शेतकऱ्यांना वाटत होतं. ते ऐकून कुठल्याही शिकल्या-सवरल्या उत्पादकाने काय केलं असतं? लोक अडाणी आहेत म्हणून कपाळावर हात मारला असता आणि गप्प बसला असता. लक्ष्मणरावांकडे तसं करायला पुरेपूर जागा होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं म्हणजे दोन पेरण्यांचे हंगाम, घरखर्च चालूच, आणि माल समोर गंजत पडलेला.

पण न घेण्यामागे दुसरंही एक कारण होतं, आणि ते समजुतीचं नव्हतं. नांगराचा फाळ, म्हणजे जमिनीत घुसणारं टोक, विलायती नांगराइतका कडक नव्हता. कडक जमिनीत तो टिकत नसे. बैल, माणसं आणि हंगामातला मोलाचा दिवस गुंतवून शेतात उतरायचं आणि मध्येच फाळ बोथट व्हायचा, हे कुठल्या शेतकऱ्याला परवडेल?

इथे किर्लोस्करांचं वेगळेपण दिसतं. विषाच्या गोष्टीवर वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी फाळाकडे लक्ष दिलं. ओतकाम सुधारलं, लोखंडाची जात आणि ओतायची पद्धत बदलत बदलत टोक कठीण करत आणलं. नांगर टिकायला लागला, तशी कुजबुजही बदलली. एका शेतात नांगर चालताना दिसला की बांधावरचे चार जण बघायला यायचे. विषाची शंका भाषणाने गेली नाही, शेजाऱ्याचं उभं पीक बघून गेली.

गिऱ्हाईक जेव्हा नाही म्हणतं, तेव्हा त्याच्या तोंडून बऱ्याचदा दोन गोष्टी एकत्र येतात. एक गैरसमज असतो आणि एक खरी खोट असते. बहुतेक विक्रेते गैरसमजावर चिडतात आणि त्या नादात खोट ऐकायची राहून जाते. जेसल पार्कच्या त्या घरात परत आलेल्या पार्सलांवर कुणी रंग फोटोपेक्षा वेगळा निघाला असं लिहिलं असेल, कुणी माप लहान आलं असं. लोकांना क्वालिटी कळत नाही, या एका वाक्याखाली हे सगळं गाडलं जातं. परत आलेल्या प्रत्येक पार्सलचं कारण वहीत लिहून काढलं, तर महिनाभरात कळतं की फाळ नेमका कुठे मऊ आहे.

धंदा आपला, जागा मात्र दुसऱ्याची

नांगर खपू लागले. आता सुखाचे दिवस येणार असं वाटत असतानाच नवं संकट आलं. बेळगाव शहर वाढत होतं, नवी वस्ती वसवायची होती, आणि त्यासाठी नगरपालिकेने किर्लोस्करांना कारखान्याची जागा खाली करायला सांगितलं.

कारखाना म्हणजे काही पथारी नव्हे. भट्टी, यंत्रं, कारागीर, त्यांची बिऱ्हाडं, सगळं उचलायचं, पण न्यायचं कुठे? घाम गाळून उभा केलेला धंदा एका नोटिशीने रस्त्यावर येऊ शकतो, हे लक्ष्मणरावांनी चाळिशीत अनुभवलं.

ऑनलाइन धंद्यात हीच गोष्ट जरा वेगळ्या रूपात समोर येते. सगळी विक्री एकाच ॲपवर, सगळे ग्राहक एकाच पेजवर, आणि एके दिवशी अकाउंट बंद होतं किंवा कमिशन वाढतं. दुकान आपलं असतं, पण जमीन भाड्याची. म्हणून ग्राहकांची यादी त्यांच्या परवानगीने स्वतःकडे ठेवणं आणि विक्रीचा निदान एक रस्ता स्वतःच्या ताब्यात असणं, ही चैनीची गोष्ट राहत नाही.

लक्ष्मणरावांच्या मदतीला आले औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते नुकतेच, १९०९ मध्ये गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, कलेचे दर्दी, सूर्यनमस्काराचे पुरस्कर्ते. वयाने दोघं जवळपास बरोबरीचे. लक्ष्मणरावांनी औंधला मंडपाच्या बांधकामाचं काम अंगावर घेतलं होतं, त्यामुळे हा माणूस शब्द पाळतो हे राजांनी जवळून पाहिलं होतं. संस्थानकडून दहा हजार रुपयांच्या कर्जाची मदत झाली, आणि संस्थानात हवी ती जागा निवडा असं आमंत्रणही मिळालं.

त्यांनी निवडली कुंडल रोड रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन. आजच्या सांगली जिल्ह्यातला हा भाग. पाणी कमी, माती उघडी, जिकडेतिकडे निवडुंग आणि साप. अशी जागा कुणी फुकट दिली तरी लोक नको म्हणाले असते. पण शेजारी रेल्वे स्टेशन होतं. जड नांगर गावोगाव पाठवायचे तर बैलगाडीवर भागणार नव्हतं. माल गिऱ्हाइकापर्यंत कसा पोहोचणार, हे त्यांनी जागा घेतानाच पाहिलं. आज पार्सल पाठवण्याचा आणि परत येण्याचा खर्च न धरताच किंमत ठरवणारे कितीतरी जण असतात. दर विक्रीमागे आपण खिशातून भरतोय, हे त्यांना वर्षअखेरीला कळतं.

निवडुंगाच्या माळावर कोण कोण आलं

१९१० च्या मार्च महिन्यात किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. सोबत साधारण २५ कामगार आणि त्यांची कुटुंबं होती. निवडुंग तोडायचा, साप मारायचे, झोपड्या बांधायच्या आणि त्याच वेळी भट्टीही पेटती ठेवायची, असा तो काळ.

लक्ष्मणराव उत्तम यंत्रज्ञ होते, पण सगळं आपणच करावं असा हट्ट त्यांनी धरला नाही. वसाहतीचं आणि कारभाराचं बघायला भाऊ रामुअण्णा होते. यंत्रं शंभोअण्णा जांभेकरांच्या हाती. व्यवस्थापनाची धुरा के. के. कुलकर्ण्यांकडे. हिशेब मंगेशराव रेग्यांकडे. अनंतराव फळणीकर तर शाळा अर्धवट सोडून आलेले, पण त्यांची कल्पक बुद्धी लक्ष्मणरावांनी हेरली आणि त्यातून एक इंजिनिअर घडला. दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या दोघांना तर त्यांनी चक्क वसाहतीच्या राखणीवर ठेवलं, आणि ते विश्वासाला उतरले. वसाहतीत शिवाशिव पाळायची नाही, असाही दंडक होता.

एकट्या माणसाने फोटो काढायचे, मेसेजला उत्तरं द्यायची, पॅकिंग करायचं आणि हिशेबही ठेवायचा, ही छोट्या धंद्यातली नेहमीची ओढाताण. त्यात सगळ्यात आधी मागे पडतो तो हिशेब. किर्लोस्करवाडीत हिशेबाला सुरुवातीपासून वेगळा माणूस होता, हे लहानसं वाटलं तरी फार मोलाचं होतं.

पहिलं महायुद्ध आलं तेव्हा विलायती माल येणं आटलं. कच्चा माल महागला, मिळेनासा झाला. पण त्याच वेळी विलायती नांगरही बाजारात येईनात. टिकाऊ फाळ तयार करून बसलेल्या किर्लोस्करांकडे मागणी वळली. फाळ मऊच राहिला असता, तर ही संधी दारावरून निघून गेली असती.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. आता घरचा पैसा आणि कंपनीचा पैसा कायद्यानेच वेगळा झाला, आणि हिशेब भागधारकांपुढे ठेवणं भाग पडलं. एकाच यूपीआय खात्यात धंद्याचे पैसे घेऊन त्यातूनच किराणा भरणाऱ्या घराला महिनाअखेर नफा झाला की तोटा, हे कधीच सांगता येत नाही. त्यासाठी कंपनी काढायची गरज नाही, वेगळं खातं काढलं तरी पुरतं.

आधी कामाचं काही द्या, मग विका

त्याच १९२० सालात किर्लोस्करवाडीतून 'किर्लोस्कर खबर' नावाचं छोटं पत्रक सुरू झालं. ते काढणारे होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याची बातमी आणि मालाची माहिती लोकांपर्यंत पोहोचावी, हा मूळ हेतू. पण नुसती जाहिरात कोण वाचणार? हळूहळू त्यात वाचण्यासारखा मजकूर वाढत गेला, आणि त्यातून 'किर्लोस्कर' हे मासिक उभं राहिलं. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी घरांत नांगर नव्हता, पण किर्लोस्करांचं मासिक होतं.

आज एखाद्या पेजवर सलग वीस पोस्ट फक्त सवलतीच्या असतात, आणि मग रीच पडली म्हणून तक्रार होते. किर्लोस्करांच्या नावाभोवती जो विश्वास जमला, त्यात या वाचनाचा वाटा मोठा होता.

एकाच नांगरावर किती दिवस

नांगराने नाव दिलं, पण फक्त नांगरावर राहणं धोक्याचं होतं. १९२९ नंतर जगभर मंदी आली, शेतमालाचे भाव कोसळले. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसेल तर तो नांगर कशाला घेईल? पण तोवर कारखान्यात दुसऱ्या वस्तूही बनू लागल्या होत्या. १९२६ पासून पाण्याचे पंप बनत होते. पुढे लोखंडी फर्निचरही बनलं. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत शिकून आले होते, त्यांनी कारभार पुढे नेला. १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिन आणि बंगळुरात विजेच्या मोटारी, असा पसारा वाढत गेला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचं निधन झालं. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. कुंडल रोड स्टेशनचं नाव तर कधीच बदललं होतं. आज तिथे किर्लोस्करवाडी अशी पाटी आहे.

राजा सगळ्यांनाच भेटत नाही

ही गोष्ट सांगताना एक गोष्ट लपवून चालणार नाही. लक्ष्मणरावांना भावाची साथ होती, शिक्षण होतं, आणि अडचणीच्या वेळी जागा व कर्ज देणारा राजा भेटला. जेसल पार्कमधून कुर्ते विकणाऱ्या जोडप्याला ३२ एकर कुणी देणार नाही. त्यामुळे नुसती मेहनत केली की किर्लोस्कर होता येतं, असा अर्थ काढला तर तो खोटा ठरेल.

पण राजा भेटण्याआधीची दोन वर्षं त्यांची स्वतःची होती. त्या दोन वर्षांत मदतीला ना संस्थान होतं, ना नाव. होता तो न खपलेला नांगर आणि तो न घेणारे शेतकरी. त्या शेतकऱ्यांना अडाणी ठरवून दुकान बंद करणं सोपं होतं. लक्ष्मणराव पुन्हा भट्टीजवळ गेले आणि फाळ ओतला.

परत आलेलं पार्सल उघडून बघायला राजा लागत नाही. खाडीकाठच्या त्या घरातही पलंगाखालची चाळीस पाकिटं आज रात्री बाहेर काढता येतील, सोबत एक वही ठेवून.